बरं वाटतंय, ताई

वांगान बेट, ९ ऑक्टोबर १९९६

बी-युन ताई,

तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि पहिल्याच पत्रात विचारलंत, "लघवीला जाताना काचा टोचल्यासारखं होतं का गं?" मी पत्र पटकन मिटलं आणि इकडेतिकडे बघितलं. कुणी वाचलं तर! मग पुन्हा उघडलं. होतं, ताई. अगदी काचाच. आणि जाऊन येऊन हात पुसेपर्यंत पुन्हा जायचं असतं.

गेल्या वर्षी तुमच्या काओशुंगला येऊन दुर्बिणीने तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला जखमा आहेत. जंतू नाहीत, कॅन्सर नाही, या दुखण्याने जीव जात नाही. ते समूळ जातही नाही, हे मात्र तिथल्या फांग सिस्टरांनी हात धरून सांगितलं आणि हेच दुखणं असलेल्या बायकांच्या तुमच्या गटाचं नाव दिलं. पण शनिवारच्या बैठकीला मी कशी येऊ? इथून आधी बोट, आणि बोटीतला संडास म्हणजे ताडपत्रीमागची बादली. फोन म्हणाल तर तो दुकानात, आणि दुकान माझ्या नणंदेचं. तिथे उभी राहून काय सांगू? म्हणून पत्र.

माझा नवरा अ-खुन खोल समुद्रातल्या बोटीवर असतो, फेब्रुवारीतल्या आमच्या नववर्षालाच घरी येतो. घरात मी आणि सासूबाई. नणंद श्यू-मान दोन घरं सोडून राहते. तिला मी वन्सं म्हणते. जिभेला हाड नाही. परवा चार बायकांत म्हणाली, "आमच्या लिएन-चूचा संसार संडासात! पाहुणे आले की चहा तिकडेच पाठवा." सगळ्या हसल्या. मीही हसले.

अ-खुनला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. तो येईल, जवळ येईल, आणि मी किंचाळेन. याचीच भीती वाटते, ताई. बाकी सगळं सोसते.

लिएन-चू

काओशुंग, २१ ऑक्टोबर

लिएन-चू, पोरी,

माझं वय अठ्ठावन्न. शाळेच्या मुलांचे गणवेश शिवते. हे काम का धरलं माहितीये? मशीन घरात, आणि मशीनपासून संडासाचं दार हाताच्या अंतरावर. मलाही तेच दुखणं आहे. या शहरात कुठल्या गल्लीत कुठल्या दुकानदाराचा संडास स्वच्छ आहे ते मला विचार.

आमच्या गटात मी पत्रं लिहिते, ज्यांना येता येत नाही त्यांना. औषध घे किंवा सोड हे आम्ही सांगत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण काय खाल्लं की आग होते हे मी नक्की सांगीन. चहा आधी सोड. लोणचं, टोमॅटो, संत्रं, तिखट यांनाही महिनाभर रामराम करून बघ. दोडका आणि भोपळा खा, तुमच्याकडे तर चांगले मिळतात. दुखायला लागलं की गरम पाण्याची पिशवी मांड्यांमध्ये.

आणि नवऱ्याला सांग. मी दहा वर्षं लपवलं. शेवटी सांगितलं तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, "मला वाटायचं, मी तुला आवडतच नाही." अगं, दोघंही दहा वर्षं भलत्याच गोष्टीला घाबरत होतो!

बी-युन

वांगान, १७ नोव्हेंबर

ताई,

तुम्ही बसला असाल तर उठा आणि उभ्या असाल तर बसा. मला बरं वाटतंय!

झालं असं. त्या दिवशी टॉवेल दातात धरून मी संडासात बसले होते. वन्सं सासूबाईंना भेटायला आल्या आणि त्यांनी दार ढकललं. मला बघून तशाच मागे फिरल्या. मला वाटलं, आता गावभर होणार. पण बाई गप्प. दुसऱ्या दिवशी बोटीने मोठ्या बेटावर, मागोंगला, गेल्या आणि येताना भुकटी घेऊन आल्या. बाजारात एक वैद्यबुवा बसतो, त्याची. झाडपाला, मुळ्या, काय काय. वन्सं स्वतःच्या गुडघ्यांसाठी कधीपासून घेतात. म्हणाल्या, "घे मुकाट. आणि यापुढे कुणी तुला हसलं तर मला सांग."

तिसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. नुसती पडून राहिले. मग कळलं, दुखत नव्हतं.

काल बायकांबरोबर खडकांवर खायचं शेवाळ खरवडायला गेले. वारा असा की उभं राहवेना, तोंडाला फडकं गुंडाळून नुसते डोळे उघडे. सगळी सकाळ बाहेर, आणि एकदाही पळत घरी आले नाही! भरून आलं मला. फडक्याआड कुणाला दिसलं नाही म्हणून बरं.

लिएन-चू

काओशुंग, २५ नोव्हेंबर

लिएन-चू,

तुझं पत्र गटात वाचून दाखवलं, नाव न घेता. बायकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगू? मला जरा हेवाही वाटला.

फांग सिस्टर मात्र विचारत होत्या, भुकटीत आहे काय? पुडीवर काही लिहिलंय का? नसेल तर चिमूटभर पाकिटात घालून पाठव, त्या तपासून घेतील. आणि तुमच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना, घेतेय म्हणून, सांगून ठेव. एवढं कर. मला तुझ्या आनंदावर विरजण घालायचं नाही.

नवऱ्याचं काय ठरलं?

बी-युन

वांगान, २० डिसेंबर

बी-युन ताई,

उत्तराला उशीर झाला, राग मानू नका. हल्ली झोप फार येते. दुपारी भांडी घासता घासताच डोळे मिटतात. इतक्या वर्षांची जागरणं, शरीर वसूल करतंय.

भुकटी पाठवता येणार नाही. वैद्यबुवांनी सांगितलंय की घराबाहेर गेली की तिचा गुण जातो. वन्सं या बाबतीत फार कडक आहेत. आता आणखी तिघीचौघी त्यांच्याकडून नेतात, कुणी कंबरेला, कुणी गुडघ्याला. नर्सबाई सुट्टीवर गेल्यात.

मी कशी दिसते विचारा! गाल असे भरलेत की सासूबाई म्हणतात, "सून नाही, वाफवलेला पाव आहे." चपलासुद्धा घट्ट होतात. जेवण तेवढं जात नाही. सगळ्याला लोखंडाची चव, मासा खा नाहीतर भात खा. आणि अंगाला खाज. खडकांवरचं खारं पाणी बाधलं असेल.

पण मुख्य गोष्ट ऐका. मी आता सकाळी एकदा जाते आणि संध्याकाळी एकदा. बस्स! तेही थोडंसंच. आधी दिवसभरात किती वेळा व्हायचं ते मोजायचं सोडून दिलं होतं मी. आता सगळ्या बायकांसारखी बाई झाले.

अ-खुनला काही सांगायची गरजच उरली नाही. बघा, न सांगता सुटले.

लिएन-चू

काओशुंग, २८ डिसेंबर

लिएन-चू,

हे पत्र वाचताच कामाला लाग. तुझं पत्र मी फांग सिस्टरांना वाचून दाखवत होते. "एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी, थोडंसंच" इथे आले तेव्हा मी हसून वर बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाल्या, "पुन्हा वाच. सुजेचं पुन्हा वाच."

पोरी, मूत्राशय बरं झालं म्हणून लघवी कमी होत नाही. ते दुखायचं थांबलं तर वारंवार जावं लागणार नाही, पण दिवसाची एकूण लघवी तेवढीच राहायला हवी. ती कमी झाली म्हणजे वरून येतच नाहीये. मूत्रपिंडं थकली असतील. तोंडाची चव, खाज, झोप, सूज, सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. मी इतकी वर्षं या दुखण्यात काढली आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही.

भुकटीची पुडी घे आणि मिळेल त्या बोटीने मागोंगच्या इस्पितळात जा. स्वतःच्या मनाने काही करू नकोस, पुडी डॉक्टरांच्या हातात दे, ते सांगतील तसं वाग. आमच्या गटातल्या वेन-लान काकूंनी असलीच कुठली तरी भुकटी घेतली होती. त्या सध्या इस्पितळात आहेत. बऱ्या होतील. पण तू थांबू नकोस.

बी-युन

वांगान, ८ जानेवारी १९९७

बी-युन बाई,

तुमचं पत्र मिळालं. वन्संनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "शहरातल्या बायकांना त्यांच्या कळपातली एक बरी झालेली बघवत नाही." मी तुमची बाजू घेतली नाही.

एवढ्या वर्षांत मला बरं वाटलेलं तुम्हीच नको म्हणताय. तुमच्या गटात टाळ्या वाजवतात आणि मग रडायला बोलावतात. मला पुन्हा त्या काचांकडे जायचं नाही. तुम्हाला ठाऊक आहे त्या काय असतात, तरी पाठवताय.

अक्षर वेडंवाकडं आलंय, हात थरथरतो. वारा आहे.

पुन्हा लिहू नका. आणि तुमच्या सिस्टरांना सांगा, आज सकाळपासून मला एकदाही जावंसं वाटलं नाही. किती छान वाटतंय.

लिएन-चू

काओशुंग, १४ जानेवारी

लिएन-चू,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितेय. टपाल कचेरीतला माणूस सांगतो, वाऱ्यामुळे तुमच्या बेटाची बोट बंद आहे, पत्र मागोंगला पडून राहील. राहू दे. माझ्या हातात दुसरं काही नाही म्हणून लिहितेय.

तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि मी मशीनवरून उठले ती थेट फोनकडे. दुकानाचा नंबर चौकशीतून मिळवला. तुझ्या नणंदेने उचलला.

"कोण? त्या गटवाल्या बाई? ती झोपलीय."

म्हटलं, "सकाळी अकरा वाजता?"

"झोपू द्या की! पहिल्यांदा बिचारी झोपतेय."

"श्यू-मानताई, ती आज लघवीला गेली का?"

"शरम आहे का काही? असलं विचारायला फोन करता? लिएन-चूच्या अंगावर मांस चढलंय ते बघवत नाही तुम्हाला!"

मी म्हटलं, "मांस आहे ना? मग तिच्या नडगीवर अंगठा दाबा आणि उचला. मांस असेल तर वर येईल. खड्डा तसाच राहिला तर ते पाणी आहे. मी खोटी ठरले तर तुम्ही म्हणाल ती शिक्षा." त्यांनी फोन आपटला. पुन्हा लावला तर लागतच नाही. तारा पडल्या की त्यांनी रिसीव्हर काढून ठेवला, कुणास ठाऊक.

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. वेन-लान काकू इस्पितळात नव्हत्या. मी ते पत्र लिहिलं तेव्हा त्यांना जाऊन दोन दिवस झाले होते. तू घाबरशील म्हणून बऱ्या होतील असं लिहिलं. घाबरवायला हवं होतं गं.

बी-युन

मागोंग, इस्पितळातून, २४ जानेवारी

बी-युनबाई,

मी श्यू-मान. माझी शाळा अर्धवट सुटलेली, अक्षर गोड मानून घ्या.

फोन आपटला तो मीच. रिसीव्हरही मीच काढून ठेवला. दोन तास दुकानात बसले, गिऱ्हाइकाने मीठ मागितलं तर साखर दिली. मग उठले आणि तिच्या खोलीत गेले. गोधडी बाजूला केली, पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच. कणकेत पडावा तसा. मी हाताने चोळला, तरी राहिला. तिला हलवलं, "लिएन-चू, ए लिएन-चू!" तिने डोळे उघडले आणि मला आई म्हणाली. तिच्या तोंडाला मुताचा वास येत होता.

नर्सबाई धावत आल्या, मागोंगला वायरलेस केला. हेलिकॉप्टर वाऱ्यात उतरेना. शेवटी पहाटे वारा जरा पडला तेव्हा आमच्या चुलत्याने आपली बोट काढली. बाई, मी समुद्राकाठी जन्मले, पण त्या दिवशी देवीला एकसारखी हाका मारत होते. लाट आली की मी तिच्यावर आडवी पडायचे. ती मात्र शांत झोपलेली. तिची ती शांतता लाटांपेक्षा भयंकर वाटत होती.

आता यंत्राने रक्त धुतात. डॉक्टर म्हणाले, भुकटीत वेदना मारणाऱ्या गोळ्या कुटून घातल्या होत्या, अंग फुगवणारं औषधही होतं. झाडपाला नावापुरता. माझं रक्त तपासलं. ठीक निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "दोघी एकच औषध घेत होतात, मग हिचंच असं का?" मी सांगितलं. मी तिला दुप्पट द्यायचे. लवकर बरी व्हावी म्हणून.

पलंगाला एक पिशवी टांगलेली असते, नळीतून लघवी येईल म्हणून. रिकामी आहे. दिवसभर मी तिच्याकडेच बघते. नर्सा बदलतात, येणारी प्रत्येक जण आधी पिशवी बघते, मग माझ्याकडे बघायचं टाळते. डॉक्टर म्हणतात, येईलही, येणारही नाही.

तिला शुद्ध आहे, पण बोलत नाही. तुम्ही येता का? मला काय बोलावं कळत नाही. तुम्हाला हे दुखणं माहीत आहे.

श्यू-मान

काओशुंग, २९ जानेवारी

श्यू-मानताई,

रविवारच्या विमानात जागा मिळाली, वारा देईल तर. उड्डाणभर जागेवरून उठू देत नाहीत म्हणून मी वर्षानुवर्षं विमानात बसले नाही. बाजूच्या प्रवाशाला आधीच सांगून टाकीन आणि मोठ्या बायकांचा लंगोट बांधीन. हसा हवं तर.

तिच्याशी काही बोलू नका. तिचे हात चोळा, खाजतात. आणि दुप्पट दिल्याचं मला सांगितलंत तसं तिलाही सांगा, पण आत्ता नको. आधी ती पिशवी.

बी-युन

वांगान, १६ मार्च १९९७

बी-युन ताई,

तुम्ही गेल्यापासून लिहायचं म्हणतेय, पण बसवतच नाही एका जागी. कारण तुम्हाला कळलंच असेल!

तुम्ही शेजारी बसून पहिल्या दिवशी काय केलंत आठवतं? माझे हात चोळलेत. उठताना पिशवीशी पाय अडखळला आणि म्हणालात, "हिच्यात थेंब पडला तर मी इथेच नाचेन, मग मलाच धावावं लागेल." वन्सं हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. थेंब पडायला पुढे कितीतरी दिवस लागले, आणि तेव्हा तुम्ही नव्हतात. अ-खुन होता. नववर्षाला घरी आला, सासूबाई चुलत्यांकडे गेलेल्या, घराला कुलूप बघून तसाच इस्पितळात. पिवळं पाणी नळीतून उतरताना त्यानेच पहिल्यांदा पाहिलं. ओरडून नर्सला बोलावलं, माणूस बुडताना ओरडतो तसा. त्याला मी सगळं सांगितलं, काचांपासून. त्याने माझ्या पायांवर गोधडी ओढली. मग म्हणाला, "म्हणजे मागच्या वर्षी तू भिंतीकडे तोंड करून झोपायचीस, ते यासाठी?" तो परत बोटीवर गेलाय. जाताना संडासाच्या वाटेवर भिंतीला धरायला दोर बांधून गेला.

यंत्र आता लागत नाही. रक्त दर पंधरवड्याला तपासतात. मूत्रपिंडं पहिल्यासारखी होतील असं कुणीच म्हणत नाही. आणि काचा परत आल्यात, ताई. पहिल्या दिवशी आल्या तेव्हा मी पुन्हा टॉवेल दातात धरला. एवढं सगळं सोसून पुन्हा तिथेच? मग पुसून बाहेर आले आणि वन्संना म्हटलं, "झाली." त्या बाहेरच उभ्या होत्या. त्यांनी मला आपणहून सांगितलं, दुप्पट द्यायच्या ते. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले.

आता मुख्य गोष्ट. वन्संकडून भुकटी नेणाऱ्या बायका होत्या ना? वन्संनी दुकान बंद ठेवून त्यांच्या घरोघर जायचं ठरवलं. वन्संचं एकटीचं कोण ऐकणार, म्हणून मी बरोबर. ताई, मला घामच फुटला. ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं पोटदुखी, डोकेदुखी, काय वाटेल ते सांगितलं, ती आता दारोदार सांगायची! पण गंमत अशी झाली की प्रत्येक घरी आधी संडास मागावा लागला आणि मग बोलणं सुरू झालं. लपवायला जागाच उरली नाही. दोघींनी भुकटी परत दिली. एकीने वन्संना शिव्या घातल्या, वन्संनी ऐकून घेतल्या. मी त्यांना असं खाली मान घालून उभं कधी पाहिलं नव्हतं.

शेवटचं घर चाय-युन काकींचं. त्यांची कंबर भुकटीने सरळ झालीय. दारातूनच म्हणाल्या, "तुझं नशीब तुझ्यापाशी. मला चांगला गुण आलाय, मी सोडणार नाही." आणि दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा, ताई! माझा होता तसाच गोल. वन्सं म्हणाल्या, "चल, उद्या येऊ." पण मला थांबता येईना. खरंच येईना. मी दार बडवायला लागले. "काकी, बोलू नका माझ्याशी, पण आत जाऊ द्या!"

काकींनी दार उघडलं, मी धावले. त्यांच्या संडासाला पत्र्याचं दार. मी ओठ चावला, टॉवेलही नव्हता बरोबर, आणि माझ्या तोंडून आवाज निघालाच. कळ लांबत गेली तशी मी मोठ्याने ओरडले. पलीकडे काकी आणि वन्सं उभ्या होत्या, सगळं ऐकत होत्या. हे कुणी ऐकू नये म्हणून मी आयुष्य घालवलं होतं.

बाहेर आले तर भिंत धरून उभं राहावं लागलं. काकींनी स्टूल पुढे सरकवलं. मग त्यांनी विचारलं, "भुकटी घेतलीस तर हे थांबतं ना?"

"थांबतं."

"पुन्हा घेशील?"

"नाही, काकी."

त्या आत गेल्या. डबा उघडल्याचा आवाज आला. पुड्या आणून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवल्या आणि आपले पाय पुढे करून म्हणाल्या, "चार दिवस झाले, चप्पल जात नाही गं. बोट केव्हा आहे?"

बोट उद्या आहे. मी त्यांच्याबरोबर जातेय. त्यांना आज दिवसभर लघवी फार कमी झालीय, हे त्यांनी मला हळूच कानात सांगितलं. हे पत्र त्याच बोटीने येईल. तुमच्या हातात पडेपर्यंत आम्हाला काय ते कळलेलं असेल. फांग सिस्टरांना सांगून ठेवा. मला खूप भीती वाटतेय, ताई, पण कपडे भरून झालेत.

लिएन-चू